पीव्हीयू काढून दे म्हणतात तेव्हा नक्की काय करायचं: प्रोसेसरवर मोजल्या जाणाऱ्या लायसन्सचा हिशोब, अगदी सुरुवातीपासून

सर्व्हर टीममध्ये नवीन असाल किंवा सॅमच्या म्हणजे सॉफ्टवेअर अ‍ॅसेट मॅनेजमेंटच्या कामावर नुकतंच टाकलं असेल, तर पहिल्या काही दिवसांतच कुणीतरी एक एक्सेल शीट पाठवतं आणि म्हणतं, "या सर्व्हरचे पीव्हीयू काढून दे, संध्याकाळपर्यंत हवेत." शीटमध्ये सर्व्हरची नावं, पुढे सीपीयू नावाचा कॉलम, त्यात कुठे ४, कुठे ६४, आणि हे ६४ म्हणजे काय हे विचारायला कुणी जागेवर नसतं. पीव्हीयू म्हणजे प्रोसेसरवरून लायसन्स मोजायचं एक माप. पुण्यात हिंजवडी-खराडीला बसून युरोप-अमेरिकेतल्या क्लायंटचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांना तर हे हमखास करावं लागतं, कारण सर्व्हर तिकडे, करार तिकडचा आणि हिशोब मात्र इकडे.

एक गोष्ट आधीच सांगतो. यातला गुणाकार पाचवीतलं पोरगंही करेल. अवघड आहे ते हे की ज्या आकड्याला गुणलं तो बरोबर होता हे दोन वर्षांनी कुणी विचारलं तर कागदावर दाखवता आलं पाहिजे. म्हणून या लेखात आकडेमोडीइतकीच जागा पुराव्याला दिलीय. उदाहरण मुख्यतः आयबीएमचं घेतो, कारण ही पद्धत त्यांनी सगळ्यात सविस्तर लिहून ठेवलीय, आणि ओरॅकल, मायक्रोसॉफ्ट कुठे वेगळे वागतात ते पुढे येईलच.

आधी ही भानगड आली कुठून ते. पूर्वी सरळ होतं, सर्व्हरमध्ये जितके प्रोसेसर तितकी लायसन्स. मग एकाच चिपमध्ये दोन-दोन कोअर, म्हणजे स्वतंत्र काम करणारे भाग, यायला लागले, इंटेल आणि एएमडीचे ड्युअल-कोअर प्रोसेसर २००५ मध्ये बाजारात आले, आणि प्रश्न उभा राहिला की आता एक मोजायचं का दोन? प्रत्येक कोअरला पूर्ण लायसन्स लावलं तर गिऱ्हाईक ओरडणार, चिपला एकच लावलं तर कंपनीचं उत्पन्न घटणार. आयबीएमने २००६ मध्ये मधला रस्ता काढला, प्रत्येक प्रोसेसरच्या प्रकाराला एक वजन द्यायचं आणि त्या वजनाची लायसन्स विकायची. हे वजन म्हणजे प्रोसेसर व्हॅल्यू युनिट, म्हणजेच आपला पीव्हीयू. लग्नाचं कार्यालय घेतलं की भाडं हॉलच्या आकारावर लागतं, पाहुणे किती आले त्यावर नाही, तसंच हे. सॉफ्टवेअर दिवसभर झोपून असलं तरी ते ज्या कपॅसिटीवर बसलंय तिचे पैसे लागतात.

पायरी १: सर्व्हर बघायच्या आधी कागद बघा

सगळ्यांना घाई असते सर्व्हरवर लॉगिन करायची. थांबा. आधी ज्या प्रॉडक्टचा हिशोब करायचाय त्याचं एन्टायटलमेंटचं, म्हणजे काय आणि किती विकत घेतलंय याचं, कागदपत्र मिळवा आणि त्यात मेट्रिक, म्हणजे मोजायचं माप, काय लिहिलंय ते वाचा. एकाच कंपनीची वेगवेगळी प्रॉडक्ट्स वेगवेगळ्या मापाने विकली जातात, कुठे पीव्हीयू, कुठे व्हीपीसी म्हणजे व्हर्च्युअल प्रोसेसर कोअर, कुठे युजरवर. त्यात पुन्हा तेच प्रॉडक्ट तुमच्याकडे जुन्या मेट्रिकवर असू शकतं आणि आज विकत घेतलं तर नवीन मेट्रिकवर मिळेल. व्हीपीसीमध्ये प्रोसेसरचं वजन नसतं, एक कोअर म्हणजे एक, संपलं. म्हणजे पीव्हीयूचा तक्ता घेऊन व्हीपीसीचं प्रॉडक्ट मोजायला बसलात तर सगळी संध्याकाळ फुकट.

आणि हो, प्रॉडक्टचं नाव पूर्ण लिहून घ्या. नुसतं "वेबस्फिअर" लिहून चालत नाही, आयबीएमच्या या अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरचं नेटवर्क डिप्लॉयमेंट एडिशन वेगळं, बेस वेगळं, आणि भावात फरक मोठा.

पायरी २: सॉकेट, कोअर, थ्रेड, व्हीसीपीयू हे चार वेगळे प्राणी आहेत

सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर चिप बसायची जागा. चिपच्या आत कोअर. हायपरथ्रेडिंग चालू असेल तर एका कोअरचे ऑपरेटिंग सिस्टीमला दोन थ्रेड दिसतात. आणि व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे एका सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेल्या सर्व्हरला, जे प्रोसेसर देतो ते व्हीसीपीयू.

लिनक्सवर एलएससीपीयू कमांड चालवली की तीन ओळी बघायच्या, सॉकेट किती, दर सॉकेटला कोअर किती, दर कोअरला थ्रेड किती. समजा २ सॉकेट, १६ कोअर, २ थ्रेड असं आलं, तर वरच्या ओळींत सीपीयू ६४ असं दिसेल आणि एक्सेलमधला तो ६४ बहुतेक वेळा इथूनच आलेला असतो. फिजिकल सर्व्हरच्या पीव्हीयूसाठी थ्रेड मोजत नाहीत, कोअर मोजतात, म्हणजे इथे ३२. सरळ निम्मं. ६४ धरून कुणी ऑर्डर टाकली तर दुप्पट पैसे गेले आणि विकणारा काही थांबवायला येणार नाही.

आता दुसरी बाजू. हीच कमांड व्हर्च्युअल मशीनच्या आत चालवली तर जे दिसतं ते खऱ्या हार्डवेअरचं नसतं. व्हीएमवेअर या व्हर्च्युअल मशीन्स चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंगनुसार ४ व्हीसीपीयूचं मशीन आतून ४ सॉकेटचं दिसू शकतं, आणि मग नवीन माणूस "अरे, हा तर चार सॉकेटचा सर्व्हर" म्हणून तक्त्यातला भलताच कॉलम उचलतो. त्यामुळे आतली माहिती फक्त व्हीसीपीयूच्या संख्येपुरती वापरा, बाकी सगळं होस्टवरून, म्हणजे ते मशीन ज्या फिजिकल सर्व्हरवर चालतं त्यावरून, व्हीसेंटर या व्हीएमवेअरच्या नियंत्रणाच्या टूलमधून किंवा हार्डवेअर टीमकडून घ्या. सर्व्हरचं मॉडेल आणि प्रोसेसरचं पूर्ण नाव दोन्ही लिहून घ्या, पुढच्या पायरीला लागणार आहेत.

पायरी ३: तक्ता

आयबीएमचा पीव्हीयू तक्ता त्यांच्या साइटवर उघड आहे. इंटेल झिऑनच्या नेहालेमपासून पुढच्या पिढ्यांसाठी ढोबळ चित्र असं: २ सॉकेटपर्यंतच्या सर्व्हरला दर कोअर ७० पीव्हीयू, ४ सॉकेटच्या सर्व्हरला १००, त्याहून मोठ्याला १२०. आयबीएमच्या स्वतःच्या पॉवर सर्व्हरमध्येही मॉडेलप्रमाणे ७०, १००, १२० अशा पायऱ्या आहेत, आणि मेनफ्रेमवर लिनक्स चालवायला जे आयएफएल इंजिन असतं त्याला मॉडेलप्रमाणे १०० किंवा १२०. सनच्या जुन्या अल्ट्रास्पार्क टी१ ला तर फक्त ३० होते, कारण त्यात बारीक-बारीक कोअर बरेच होते.

इथे सगळ्यांना फसवणारी ओळ तळटीपेत आहे. सॉकेटची संख्या म्हणजे आत्ता भरलेले सॉकेट नाहीत, त्या सर्व्हरमध्ये जास्तीत जास्त किती सॉकेट असू शकतात ते. चार सॉकेटचा सर्व्हर घेतला, पुढे वाढवू म्हणून दोनच चिपा बसवल्या, तरी दर कोअर १०० च लागणार. ३२ कोअर असतील तर २२४० च्या जागी ३२०० पीव्हीयू. हार्डवेअर घेणाऱ्या टीमला हे माहीत नसतं, त्यांना वाटतं चार सॉकेटचं मशीन स्वस्तात मिळालं, आणि त्या स्वस्ताईचं बिल सॉफ्टवेअरच्या बजेटमध्ये येऊन पडतं. माझं स्पष्ट मत आहे की हार्डवेअरच्या खरेदीवर लायसन्सवाल्या माणसाची सही असायलाच पाहिजे, पण फार थोड्या ठिकाणी असते.

पायरी ४: फुल कपॅसिटी की सब-कपॅसिटी

हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, इथे सावकाश वाचा.

आपला वरचाच होस्ट घेऊ, २ सॉकेट, ३२ कोअर, दर कोअर ७०. अशा तीन होस्टचा व्हीएमवेअर क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेला गट, आहे. त्यात एक व्हर्च्युअल मशीन, ४ व्हीसीपीयू, त्यावर पीव्हीयूचं एक प्रॉडक्ट.

फुल कपॅसिटी म्हणजे ज्या फिजिकल सर्व्हरवर प्रॉडक्ट आहे त्याचे चालू असलेले सगळे कोअर मोजायचे. एका होस्टचे ३२ गुणिले ७०, म्हणजे २२४०. मशीन तीनही होस्टवर फिरत असेल तर तिन्हींचे मिळून ६७२०.

सब-कपॅसिटी म्हणजे प्रॉडक्टला जेवढी कपॅसिटी उपलब्ध करून दिलीय तेवढीच मोजायची. ४ व्हीसीपीयू गुणिले ७०, म्हणजे २८०. मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर गेलं तरी दोन्हीकडे वजन ७० असेल तर आकडा २८० च राहतो. मात्र त्याच क्लस्टरमध्ये कुणी चार सॉकेटचा एखादा होस्ट घुसवला आणि मशीन तासभर जरी तिकडे गेलं तरी ४ गुणिले १०० म्हणजे ४०० ची नोंद होते, आणि त्या रिपोर्टच्या काळात जो सगळ्यात वरचा आकडा तोच धरला जातो. सरासरी नाही, शिखर.

६७२० आणि २८०. एकच सॉफ्टवेअर, एकच मशीन, आणि चोवीसपट फरक. अख्खी लायसन्स टीम पोसली जाते ती या फरकावर.

व्हीसीपीयूच्या बेरजेला एक छप्पर पण आहे, ते विसरू नका. एकाच होस्टवर तेच प्रॉडक्ट असलेली १० मशीन्स, प्रत्येकी ४ व्हीसीपीयू, बेरीज ४०. पण होस्टचे फिजिकल कोअरच ३२ आहेत, म्हणून मोजायचे ३२ च. दोन्हीतला जो आकडा कमी तो. त्यामुळे एकाच प्रॉडक्टची मशीन्स थोड्या होस्टवर गोळा करून ठेवली आणि बाकीच्या होस्टवर जायला बंदी घातली तर पुष्कळ ठिकाणी लायसन्स कमी लागतात, आणि हे अगदी नियमात बसणारं काम आहे.

पॉवरवर एआयएक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची एलपार, म्हणजे सर्व्हरचे पाडलेले भाग, असतील तर तिथे कॅप्ड आणि अनकॅप्ड हा भेद बघावा लागतो. कॅप्ड असेल तर नेमून दिलेली कपॅसिटी धरतात. अनकॅप्ड एलपार मोकळ्या कोअरवर हात मारू शकतं म्हणून तिथे त्याचे व्हर्च्युअल प्रोसेसर मोजतात, शेअर्ड पूलच्या, म्हणजे सामायिक कोअरच्या, मर्यादेत. अ‍ॅडमिन लोक सवयीने व्हर्च्युअल प्रोसेसर ऐसपैस देऊन ठेवतात, "लागले तर असू देत" म्हणून, आणि ते असू देत चांगलंच महाग पडतं.

पायरी ५: आयएलएमटी, म्हणजे पुरावा

सब-कपॅसिटी हा हक्क नाही, अटींवर दिलेली सवलत आहे. मुख्य अट म्हणजे आयबीएमचं लायसन्स मेट्रिक टूल, आयएलएमटी, बसवायचं आणि चालू ठेवायचं. टूल फुकट आहे, चालवायला माणूस लागतो तो फुकट नाही. पहिलं सब-कपॅसिटी प्रॉडक्ट बसवल्यापासून ९० दिवसांत ते लावायचं, दर तिमाहीला निदान एकदा रिपोर्ट काढायचा, आणि रिपोर्ट दोन वर्षं जपून ठेवायचे. हे केलं नाही तर ऑडिटमध्ये फुल कपॅसिटीने मोजायची मुभा त्यांना आहे, म्हणजे आपल्या उदाहरणात २८० चे थेट हजारो.

टूलची रचना साधी आहे. एक मुख्य सर्व्हर, प्रत्येक मशीनवर बिगफिक्सचा एजंट (माहिती गोळा करणारा छोटा प्रोग्रॅम), आणि व्हीसेंटरशी एक जोडणी. एजंट दर ३० मिनिटांनी कपॅसिटी बघतो, कुठलं सॉफ्टवेअर आहे याचं स्कॅन आठवड्यातून एकदा तरी व्हायला हवं. बहुतेक जण एजंट टाकून मोकळे होतात आणि व्हीसेंटरच्या जोडणीकडे कुणी बघत नाही. त्या जोडणीसाठी फक्त वाचायचे अधिकार असलेलं एक अकाउंट लागतं, ते सिक्युरिटीवाले देतात, तीन महिन्यांनी त्याचा पासवर्ड संपतो, आणि जोडणी गुपचूप तुटते. मग टूलला मशीन कुठल्या होस्टवर आहे हेच कळत नाही आणि ते सरळ दर कोअर १२० धरतं, सगळ्यात महागडा दर. आपल्या २८० चे ४८० झाले, काहीही न बदलता. म्हणून आठवड्यातून एकदा तरी डॅशबोर्ड उघडा आणि तीन गोष्टी बघा: व्हीएम मॅनेजरची, म्हणजे व्हीसेंटरची, जोडणी जिवंत आहे का, कुठल्या मशीनकडून स्कॅन आलेलं नाही, आणि नवीन बनवलेल्या मशीन्सवर एजंट पोचलाय का. नवीन मशीनच्या टेम्पलेटमध्येच एजंट घालून ठेवला तर तिसरी कटकट जवळजवळ संपते.

पायरी ६: टूलने दाखवलेला आकडा अंतिम नसतो

टूलला सॉफ्टवेअर सापडतं, पण ते कशासाठी बसवलंय हे त्याला कळत नाही. एखाद्या मोठ्या प्रॉडक्टबरोबर डीबी२ (आयबीएमचा डेटाबेस) त्याच्या अंतर्गत वापरासाठी मिळतं, त्याचं वेगळं लायसन्स लागत नाही. टूल मात्र त्याला स्वतंत्र डीबी२ म्हणून मोजून मोकळं होऊ शकतं. हे तुम्ही हाताने नीट लावायचं असतं, कुठला घटक कुठल्या प्रॉडक्टच्या पोटात जातो ते. यालाच बंडलिंग म्हणतात आणि या कामाला सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण त्यासाठी प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनच्या मालकाला गाठून विचारावं लागतं, आणि तो तुम्हाला विचारतो, "मी मालक आहे असं कोण म्हणालं?"

उलटही होतं. अंतर्गत वापरासाठी आलेल्या डीबी२ मध्ये एखादा डेव्हलपर आपल्या दुसऱ्याच अ‍ॅपचे टेबल ठेवतो, आणि त्या क्षणी फुकटचं डीबी२ फुकटचं राहत नाही. बंडलिंग करताना म्हणून नुसतं "हो हो, त्याच्याच बरोबर आलंय" यावर विश्वास ठेवू नका, काय चाललंय ते बघा. आणि प्रत्येक निर्णयापुढे का केलं, कुणी सांगितलं, तारीख, हे टूलमध्येच टिपून ठेवा.

काढून टाकलेलं सॉफ्टवेअर पण त्रास देतं. फोल्डर डिलीट केलं पण एसडब्ल्यूआयडी टॅगची, म्हणजे सॉफ्टवेअरची ओळख सांगणारी, फाइल मागे राहिली तर टूलला ते अजून दिसत राहतं. नीट अनइन्स्टॉल करा.

डीआर साइटचा, म्हणजे मुख्य सर्व्हर बंद पडल्यास वापरायच्या राखीव जागेचा, प्रश्न हमखास येतो, म्हणून तोही इथेच. आयबीएमच्या भाषेत कोल्ड म्हणजे बॅकअप बंद आहे, वॉर्म म्हणजे चालू आहे पण काही काम करत नाही, हॉट म्हणजे काम करतंय किंवा डेटा सतत सिंक करतंय. पहिल्या दोघांना साधारणपणे लायसन्स लागत नाही, हॉटला लागतं. डीआरवाले "स्टँडबाय आहे" एवढंच सांगतात, त्यांना खोदून विचारा की कसलं स्टँडबाय.

पायरी ७: हेच डोकं दुसऱ्या कंपनीला लावू नका

आयबीएम शिकलेला माणूस ओरॅकलकडे गेला की पहिला धक्का व्हीएमवेअरचा बसतो. ओरॅकलकडे कोअर फॅक्टर असतो, म्हणजे कोअरच्या संख्येला गुणायचा आकडा, झिऑनला ०.५, म्हणजे आपल्या ३२ कोअरच्या होस्टला १६ प्रोसेसर लायसन्स. डेटाबेस एंटरप्राइज एडिशनचा यादीतला भाव प्रोसेसरला ४७,५०० डॉलर, म्हणजे एका होस्टचे ७,६०,००० डॉलर, वर दरवर्षी २२ टक्के सपोर्ट. सवलत मिळते, पण सुरुवात इथून होते. आता तेच ४ व्हीसीपीयूचं मशीन तीन होस्टच्या क्लस्टरमध्ये ठेवलं तर? व्हीएमवेअरला ओरॅकल सॉफ्ट पार्टिशनिंग, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरने पाडलेली वाटणी, म्हणतं आणि त्याने लायसन्स कमी होतात हे मानत नाही, त्यांच्या मते मशीन जिथे जिथे जाऊ शकतं ते सगळं मोजायचं. ९६ कोअर, ४८ लायसन्स. गंमत म्हणजे हे ज्या पार्टिशनिंग पॉलिसीच्या कागदात लिहिलंय तो कागद माहितीपुरता आहे, कराराचा भाग नाही असं त्याच कागदावर छापलेलं असतं, आणि यावरून वकिलांचे वाद वर्षानुवर्षं चाललेत. नवख्या माणसाने त्या वादात पडू नये, ओरॅकलसाठी सरळ वेगळे होस्ट ठेवावेत, सुखाची झोप लागते.

ओरॅकलचं स्टँडर्ड एडिशन २ मात्र सॉकेटवर चालतं, जास्तीत जास्त २ सॉकेटच्या सर्व्हरवर. एडब्ल्यूएस किंवा अ‍ॅझ्युअरसारख्या क्लाउडवर एंटरप्राइज एडिशन नेलं तर हायपरथ्रेडिंग असताना २ व्हीसीपीयूला एक लायसन्स आणि कोअर फॅक्टर तिथे लागत नाही. म्हणजे क्लाउडवर नेलं की लायसन्स आपोआप कमी होतात हा समज डोक्यातून काढून टाका.

मायक्रोसॉफ्टचं एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून मुख्यतः कोअरवर आहे. प्रोसेसरचं वजन वगैरे काही नाही पण किमान मर्यादा आहेत, व्हर्च्युअल मशीनला २ व्हीसीपीयू दिले तरी ४ कोअरचं लायसन्स घ्यावंच लागतं. मशीन्स बारीक-बारीक असतील तर ही किमान मर्यादाच खिसा कापते. विंडोज सर्व्हरला २०१६ पासून दर प्रोसेसरला किमान ८ आणि दर सर्व्हरला किमान १६ कोअर. व्हीएमवेअर स्वतः आता ब्रॉडकॉमकडे गेल्यापासून कोअरवर विकलं जातं, दर सीपीयूला किमान १६ कोअर धरून.

कंटेनरवाल्यांसाठी थोडक्यात. ओपनशिफ्ट किंवा कुबरनेटीस या कंटेनर चालवणाऱ्या प्लॅटफॉर्मवर आयबीएमचं प्रॉडक्ट असेल तर तिथे आयएलएमटी नाही, लायसन्स सर्व्हिस नावाचा वेगळा घटक बसवावा लागतो. तो पॉडला, म्हणजे कंटेनरच्या गटाला, दिलेली सीपीयू लिमिट बघतो. लिमिट दिलीच नसेल तर पॉड अख्खा नोड, म्हणजे तो ज्या मशीनवर चालतो ते सगळं, वापरू शकतो असं धरून नोडची कपॅसिटी मोजली जाते. डेव्हलपरने यामल फाइलमध्ये एक ओळ लिहायचा कंटाळा केला की काय होतं ते आता तुम्हाला सांगायला नको.

ऑडिटचं पत्र आलं तर

येतंच कधीतरी, घाबरू नका. पहिल्या दिवशी उत्साहाने सगळा डेटा पाठवू नका. आधी लीगल आणि प्रोक्युअरमेंटला कळवा, कुठली कंपनी, कुठले देश, कुठली प्रॉडक्ट्स ही व्याप्ती लेखी ठरवून घ्या, आणि एकाच माणसामार्फत बोलणं होऊ द्या. पत्र आल्यावर घाईघाईने सर्व्हर बंद करणं, सॉफ्टवेअर उडवणं हे प्रकार तर अजिबात नकोत, स्कॅनच्या इतिहासात ते दिसतं आणि मग तुमच्या बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. आयबीएमच्या बाबतीत जास्तीचा वापर निघाला तर लायसन्सच्या पैशांबरोबर मागच्या काळाचा सपोर्टही लागू शकतो, दोन वर्षांपर्यंतचा.

तुमच्या फोल्डरमध्ये त्या दिवशी एवढं असावं: एन्टायटलमेंटचे कागद, दर तिमाहीचे सही केलेले रिपोर्ट, प्रत्येक होस्टचं मॉडेल-प्रोसेसर-सॉकेट, बंडलिंगच्या नोंदी, आणि टूल कधी बंद पडलं असेल तर ते का आणि किती दिवस याचं तिकीट. फोल्डर शेअर्ड ड्राइव्हवर ठेवा, स्वतःच्या लॅपटॉपवर नाही, कारण पत्र येईपर्यंत तुमची दुसऱ्या प्रोजेक्टवर बदली झालेली असण्याची शक्यता बरीच आहे.